मंजिष्ठा खरंच उपयोगी पडते का? आणि बेळगावात चांगली मुळी कुठं मिळेल?

अनगोळची_मेघा
नमस्कार मंडळी. इथं नुसती वाचत असते, आज धागा काढतेय. मुलगी हुबळीला हॉस्टेलवर आहे, इंजिनिअरिंगला. गालावर आणि हनुवटीवर मुरुमं येतात, मुरूम बसला की काळा डाग मागं ठेवून जातो. सासूबाई म्हणतात रक्त तापलंय, मंजिष्ठाचा, म्हणजे त्या लाल औषधी मुळीचा, काढा दे महिनाभर, आपोआप जाईल. नणंद म्हणते काढा कोण पितंय आजकाल, पावडर मागव आणि दुधातून लाव. मी मोबाईलवर एकदाच मंजिष्ठा शोधलं तर आता उघडीन तिथं त्याचीच जाहिरात, गोळ्या काय, साबण काय, सीरम काय. भाव बघितले तर एकाच वजनाच्या दोन पावडरींत चौपट फरक. सुट्टीला पोरगी घरी येईल त्याच्या आत ठरवायचंय. पोटात घ्यायची की लावायची, आणि घ्यायची तर बेळगावात कुठून?

कुंदाप्रेमी
आधी घरातला गोड कुंदा बंद करा म्हणतील सगळे. मी नाही म्हणणार, मला पाप लागेल.

शहापूरकर
मेघाताई, रविवार पेठेत काष्ठौषधीची, म्हणजे मुळ्या-सालींची, जुनी दुकानं आहेत, तिथं मुळी सुटी मिळते. पावडर घेऊ नका, मुळी घ्या. पावडर एकदा दळली की त्यात काय होतं ते ब्रह्मदेवाला पण कळत नाही. मुळी हातात घेऊन बघता येते. पेन्सिलीपेक्षा बारीक, वेडीवाकडी, वरनं तांबूस तपकिरी, आणि मोडली की आत लालभडक दिसली पाहिजे. पोत्यात बऱ्याचदा मुळीबरोबर वेलाच्या काड्या पण असतात, त्या फिकट असतात, आतून पोकळ. दुकानदार म्हणतो सगळं एकच हो साहेब. एकच नसतं, आपण निवडून घ्यायचं. थोडं रागावतो, खरं देतो.

निपाणीचा_नाना
आमच्याकडं निपाणीत पण मिळते, बाजारादिवशी जावा. मला जांघेत गजकर्ण झालतं तवा कुणीतरी सांगितलं मंजिष्ठा आणि कडुलिंब उकळून प्या. पिलो बाबा. तोंडाची चव गेली, गजकर्ण तिथंच. मग डॉक्टरनं मलम आणि गोळ्या दिल्या त्यानं गेलं. म्हणून माझा इश्वास नाही, ज्याला आहे त्यानं घ्यावं.

वैद्य_वडगाव
नाना, गजकर्ण बुरशीनं होतं. नुसता काढा पिऊन ते जाईल असं सांगणाऱ्यानं तुम्हाला चुकीचं सांगितलं, त्यात मुळीचा काय दोष.

मेघाताईंना जरा सविस्तर सांगतो. चरकांनी वर्ण्य म्हणून दहा द्रव्यांचा गण दिलाय, म्हणजे त्वचेचा वर्ण सुधारणारी द्रव्यं, त्यात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, सारिवा यांच्याबरोबर मंजिष्ठा आहे. विष उतरवणाऱ्या विषघ्न गणातही ती आहे आणि ताप घालवणाऱ्या ज्वरहर गणातही. वाग्भटांनी अष्टांगहृदयात व्यंगावर, म्हणजे आपण ज्याला वांग म्हणतो त्याच्यावर, मंजिष्ठा मधात कालवून लावायला सांगितलीय. तेव्हा लावायची पण आहे आणि घ्यायची पण.

पण "रक्त तापलंय म्हणून मंजिष्ठा" हे जे घरोघरी चालतं तिथं गडबड आहे. मंजिष्ठा चवीला गोड, कडू, तुरट असली तरी वीर्यानं, म्हणजे अंगात गेल्यावरच्या परिणामानं, उष्ण आहे. भावप्रकाश या ग्रंथात स्पष्ट उष्ण म्हटलंय. आधीच अंगात उष्णता, तोंड येतंय, लघवीला जळजळ आहे, पित्त खवळलंय, अशा पोरीला भर चैत्रात एकटी मंजिष्ठा महिनाभर पाजली तर फायदा सोडा, त्रास वाढेल. म्हणून वैद्य ती एकटी क्वचित देतो. बरोबर सारिवा, गुळवेल, त्रिफळा, कडुलिंब असं काहीतरी असतं. लघुमंजिष्ठादि काढ्यात बघा, मंजिष्ठेबरोबर त्रिफळा, कुटकी, वेखंड, दारुहळद, गुळवेल, कडुलिंब आहे. शार्ङ्गधरांच्या महामंजिष्ठादि काढ्यात तर चाळीसच्या वर द्रव्यं आहेत. नाव तिचं, काम सगळ्यांचं.

काढा करताना मुळी भरड कुटायची, सोळापट पाणी घालून मंद आचेवर अष्टमांश उरेपर्यंत आटवायची. चहासारखी दोन उकळ्या देऊन गाळली तर रंग उतरतो, गुण उतरत नाही. चूर्ण घ्यायचं तर साधारण 1 ते 3 ग्रॅम, ते पण नाडी, कोठा, पाळी बघून. गरोदर बाईनं घेऊच नये.

टिळकवाडी_कट्टा
सोळापट पाणी आटवायचं म्हणजे सिलेंडर संपला की वैद्यबुवा.

वैद्य_वडगाव
चूल पेटवा, नाहीतर तयार काढा घ्या.

खानापूरची_सुमी
आमच्या जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस ओसरला की बांधाकडेला, झुडपांवर ही वेल दिसते. बघितली नसली तरी अंगाला लागली असणार. देठ चौकोनी, त्याच्यावर उलटे बारीक काटे, साडीला लुगड्याला धरतेच. एका गाठीवर चार पानं, हृदयाच्या आकाराची, दोन मोठी दोन जरा लहान. फुलं इतकी बारकी की कुणी बघत नाही, फळ काळपट टपोरं मिरीएवढं. आमची आज्जी शेळ्या राखायला जायची तवा उकरून आणायची, मुळी धुतली की हात तांबडे व्हायचे तिचे, चार दिवस जायचे नाहीत. ती खरजेला लावायची, तेलात उकळून.

आता मात्र कुणी उठून डोंगरात जाऊ नका म्हणजे झालं. भीमगड अभयारण्य झालंय 2011 ला, त्या हद्दीत एक पान पण तोडायचं नाही, फॉरेस्टवाले धरतात. आणि मुळी काढली की वेल मेली, पान तोडल्यासारखं नव्हे ते.

डोंगरवाट
सुमीअक्का बरोबर. बाजारात येणारी बहुतेक मंजिष्ठा जंगलातूनच येते, बरीचशी हिमालयाच्या बाजूची. लागवड करायची तर मुळी भरायला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, ऊस सोडून कोण थांबतंय. म्हणून मग भेसळ.

पावट्याची_आमटी
थांबा थांबा. माझी आजी उगारची, ती रक्तशुद्धीला जी मुळी द्यायची ती वासाची होती, दुधात उगाळून द्यायची, खीर केल्यासारखा गोडसर वास यायचा. लाल नव्हती अजिबात. ती मंजिष्ठाच म्हणायची का?

खानापूरची_सुमी
ती उपळसरी. अनंतमूळ. तुझी आजी हुशार होती. पानावर मधोमध पांढरी रेघ असते, तोडलं की चीक येतो. उन्हाळ्यात सरबत करतात त्याचं.

वैद्य_वडगाव
तीच सारिवा, वर्ण्य गणात मंजिष्ठेच्या शेजारी बसलेली. ती शीत. मी वर जे उष्णतेचं लिहिलं त्यावर आजीबाईंचा उतारा.

कुंदाप्रेमी
सरबत कुठं मिळतंय ते आधी सांगा, काढ्याचं नंतर बघू.

पावट्याची_आमटी
मिळतं की, बाटलीतलं. खरं बाटलीत अर्धी साखर असते आणि वास इसेन्सचा. मुळी आणून मडक्यात टाकून ठेव पाण्यात, ते पाणी पी, सरबत कशाला पाहिजे. आमच्या घरी उन्हाळाभर माठात वाळा आणि उपळसरी असायची, पाहुणा आला की आधी तांब्या पुढं, गुळाचा खडा बरोबर. आता पाहुण्याला विचारावं लागतं शुगर आहे का.

कातडीची_डॉक्टर
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, सीमेपलीकडच्या एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते, बेळगावचे पेशंट रोज येतात. वैद्य साहेबांचं बरंचसं पटलं. वर धाग्यात आलेलं "रक्तशुद्धी" मात्र पटत नाही. रक्त गाळायचं काम लिव्हर आणि किडनी चोवीस तास करतात. मुरुमं रक्त घाण झालं म्हणून येत नाहीत. तेलग्रंथी जास्त चालतात, छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात, सूज येते. मुलींमध्ये हनुवटी आणि जबड्याच्या कडेनं येत असतील, पाळी अनियमित असेल, ओठावर केस येत असतील तर पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा हॉर्मोनचा बिघाड, बघावं लागतं. ते न बघता मंजिष्ठा द्या नाहीतर महागडं सीरम द्या, दोन्ही वायाच.

आणि मेघाताई, एक विचारायचं राहिलंय सगळ्यांचं. ती सध्या तोंडाला काय लावते? मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणारी "गोरं करणारी" किंवा "डागाची" ट्यूब असते, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. सुरुवातीला आठवडाभरात चेहरा काचेसारखा होतो, मग सुरू होतो खेळ. मुरुमं, लाली, कातडी पातळ, बंद केली की दुप्पट उसळतं, म्हणून परत लावायची. सरकारनं 2018 मध्ये अशी बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. प्रत्यक्षात काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. नानांच्या गजकर्णात पण हीच तऱ्हा चालते. तीन औषधं एकात असलेली ट्यूब लावतात, खाज थांबते, बुरशी आतल्या आत पसरते, मग माझ्याकडं येतात तेव्हा पोटापासून मांडीपर्यंत रिंगणं.

निपाणीचा_नाना
डॉक्टर तुमी माझं बघितलंयसा काय कुठं 😄

शहापूरकर
डॉक्टरबाईंचं म्हणणं खरं आहे, खरं एक सांगतो, तुमच्याकडं येऊन पण लोक वर्षानुवर्षं गोळ्या खातात की. बंद केलं की परत मुरुमं. मग लोकांनी मुळीकडं जाऊ नये तर काय करावं?

कातडीची_डॉक्टर
जावं की, कोण अडवतंय. मुरुमाची प्रवृत्ती काही वर्षं राहते म्हणून औषध लांबतं, हे आधी न सांगणारे डॉक्टर आहेत हे मान्य. माझा आक्षेप "नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही" या वाक्याला आहे. युरोपातली जी मंजिष्ठेची बहीण आहे, रुबिया टिंक्टोरम, तिच्या मुळीत ल्युसिडिन नावाचं द्रव्य असतं, ते पेशींच्या जनुकांना घातक असल्याचं प्रयोगशाळेत दिसलंय. आपली मंजिष्ठा म्हणजे रुबिया कॉर्डिफोलिया, जात वेगळी. पण दळलेल्या पावडरीत कुठली जात आहे हे डब्यावरून कळत नाही. म्हणून शहापूरकरांचा मुळी घ्या हा सल्ला मला पटतो, कारण वेगळं असलं तरी.

रंगारी_खासबाग
औषधातलं मला कळत नाही, आमचं खानदान रंगाचं. खासबाग-वडगावात हातमाग होते तेव्हा आजोबा सूत रंगवायचे, लहानपणी आमच्या घरी मंजिष्ठाचं पोतं असायचं. नुसत्या मुळीनं सुती कापड रंगत नाही हो, आधी हरड्याच्या पाण्यात बुडवायचं, मग तुरटी, मग मुळीच्या पाण्यात. तुरटीवर लाल येतो, लोखंडाचं पाणी घातलं तर काळपट जांभळा. पाणी उकळून फुटू द्यायचं नाही, नाहीतर लाल जाऊन विटकरी होतो. जर्मन लोकांनी 1868 ला यातलाच अ‍ॅलिझरिन रंग प्रयोगशाळेत बनवला आणि मग जगभर या मुळ्यांचा रंगाचा धंदा बसला. गंमत म्हणजे अ‍ॅलिझरिन जास्त असतं ते डॉक्टर म्हणतात त्या युरोपातल्या मुळीत. आपल्या मुळीचा लाल मुख्यतः पर्प्युरिन आणि मंजिष्टिनचा.

आता कामाचं. रंग लावून विकलेली काडी ओळखायची आमची पद्धत सांगतो. काचेच्या ग्लासात साधं गार पाणी घ्या, मुळीचा तुकडा सोडा. खरी मुळी निवांत असते, हळूहळू तांबूस-केशरी पाणी सोडते. रंगवलेली असली की टाकल्या टाकल्या धूर सोडल्यासारखा रंग खाली उतरतो. दुसरं, मुळीचं पाणी उकळून गार करा, त्यात चुन्याची वरची निवळी थेंबभर घाला. पानाच्या डबीतला चुना चालतो. खऱ्या मुळीचं पाणी लगेच किरमिजी-जांभळट व्हायला पाहिजे. लिंबू पिळलं की परत पिवळट केशरी. बाजारी रंग बहुतेक ढिम्म राहतो.

टिळकवाडी_कट्टा
आत्ताच केलं!! बायकोनं दोन वर्षांपूर्वी आणलेली मुळी होती डब्यात. सासऱ्यांच्या डबीतला चुना घेतला. पाणी फिकट लाल होतं, थेंब पडल्या पडल्या तळापासून जांभळं फिरलं, लिंबू घातलं तर परत केशरी. पोरं आता स्वयंपाकघरातनं हलेनात, हळदीवर चालू आहे प्रयोग. सासरे चुन्याची डबी शोधूलालेत.

डोंगरवाट
चाचणी चांगली आहे. फक्त एवढंच लक्षात ठेवा की चुन्यानं रंग बदलतो तो अँथ्राक्विनोन या गटातल्या द्रव्यांमुळं, आणि ती युरोपातल्या मुळीत पण असतात. म्हणजे साधी काडी रंगवून विकली तर पकडाल, दुसऱ्या जातीची मुळी असली तर नाही. त्याला लॅब लागते किंवा जाणकार माणूस. नेहरूनगरला आयसीएमआरची, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे आपल्याच गावात, वनौषधींवरच काम करतात, पण आपण पुडी घेऊन गेटवर उभं राहायचं नसतं एवढं कळतं मला.

बेळगुंदीची_वैनी
मी लावते मुलतानी माती आणि मंजिष्ठा. पाळीच्या आधी येणारे दोन-चार मुरूम लवकर बसतात असं मला वाटतं, वांगावर मात्र ढिम्म काही झालं नाही. टॉवेल, उशीचा अभ्रा, नवऱ्याचा बनियन, सगळं गुलाबी झालं. जुनी साडी अंगावर घेऊनच लावा. मध घालून लावलं तर मुंग्या येतात हे वाग्भटांनी लिहिलंय का बघा जरा.

निपाणीचा_नाना
वैनी 😂

हिंडलगा_सुनील
एक गंभीर गोष्ट, धागा कुणी तरी शोधत येईल म्हणून लिहून ठेवतो. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तिथं टोचलेलं, गरम-गार कळत नसेल तर मंजिष्ठा, कडुलिंब, काही करत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावरच्या एमडीटीच्या, म्हणजे अनेक औषधं एकत्र असलेल्या, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पूर्ण बरा होतो. उशीर केला तर हातापायाच्या नसा जातात त्या परत येत नाहीत. आमच्या गल्लीत एकजण कातडीचं आहे म्हणून झाडपाला लावत राहिला, बोटं वाकडी झाल्यावर गेला.

वैद्य_वडगाव
सुनील, शंभर टक्के सहमत. जुन्या ग्रंथांत "कुष्ठ" शब्द सगळ्याच त्वचारोगांना आहे, त्यामुळं काढ्याच्या बाटलीवर "कुष्ठघ्न" वाचून लोक गैरसमज करून घेतात.

आणखी एक, कुणी मंजिष्ठा घेत असेल आणि लघवी तांबूस दिसली तर घाबरून रात्री दवाखान्यात पळू नका, मुळीचा रंग उतरतो. पण औषध बंद करून दोन दिवसांत रंग गेला नाही तर मात्र तपासा, ते रक्त असू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, किंवा किडनीचा त्रास असेल त्यांनी आपल्या मनानं सुरूच करू नये.

शहापूरकर
कुणाला वैद्याकडं दाखवायचंच असेल तर शहापुरात केएलईच्या आयुर्वेद कॉलेजचं हॉस्पिटल आहे. वेळ काढून जावं लागतं, खरं तपासून देतात. रस्त्यावर तंबू टाकून जडीबुटी विकतात त्यांच्याकडनं कुठलीच मुळी घेऊ नका. मला एकानं मंजिष्ठा म्हणून रंगवलेल्या काड्या दिलत्या, हात धुतले तर साबण लाल, काडी पांढरी.

अनगोळची_मेघा
सगळ्यांचे उत्तर वाचले, काल रात्री मुलीला फोन केला. डॉक्टर, तुमचा अंदाज बरोबर निघाला, रूममेटनं दिलेली ट्यूब आहे, "नाईट क्रीम" म्हणून लावते, दिवाळीपासून. फोटो मागवला, मागं बारीक अक्षरात मोमेटासोन लिहिलंय. आता काय करायचं, लगेच टाकून दे सांगू का? सासूबाईंना कसं सांगायचं ते वेगळंच, त्यांनी शनिवारी बाजारातनं पावशेर मुळी आणून ठेवली पण.

कातडीची_डॉक्टर
मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइडच. इतके महिने लावलेली ट्यूब एका दिवसात बंद केली तर चेहरा उसळतो आणि पोरी घाबरून परत लावतात. कसं उतरवायचं ते समोर चेहरा बघूनच ठरवतात, म्हणून सुट्टीची वाट बघू नका, हुबळीत त्वचेच्या डॉक्टरला या आठवड्यात दाखवू दे, ट्यूब बरोबर घेऊन. पाळीचं पण विचारून घ्या. तोवर चेहऱ्यावर लेप, लिंबू, मध, मुलतानी, काही नको. कातडी पातळ झालेली असते, आग होईल. सकाळी सनस्क्रीन, सौम्य फेसवॉश, बस. डाग उन्हानं गडद होतात आणि हुबळीचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

वैद्य_वडगाव
डॉक्टरांचं ऐका. मी पण अशा वेळी आधी कातडी शांत होऊ देतो, महिना-दोन महिने काहीच लावत नाही. नंतर डाग राहिले तर सुट्टीत घेऊन या, बघू. पोटातून द्यायची वेळ आली तर मी तिला आधी सारिवा देईन, मंजिष्ठा पावसाळा लागल्यावर.

अनगोळची_मेघा
बरं. हुबळीची अपॉइंटमेंट घेते. आणि ती पावशेर मुळी?

रंगारी_खासबाग
चुन्याची परीक्षा करा, पास झाली तर मला द्या. पोरीला एक ओढणी रंगवून देतो, तुरटी माझी.

बेळगुंदीची_वैनी
नवऱ्याचा बनियन पण घ्या काका, अर्धा झालाच आहे.